पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचे सोवळे

सोवळ्याची आपल्याकडे मोठी गंमत आहे. स्वयंपाकघरातून ते हद्दपार झाले, तरी गाण्याच्या बैठकीत हटकून लोडाला टेकून बसते. पियानोवर बाख-बेथोवेन वाजवावेत, तिथे तुर्कस्तान-जपानच्या रचनांचे काय काम, असे विचारणारे रसिक शहरांत भेटतात. पेटी परकी, तिला रागदारीत थारा नको, असे म्हणणारे अजून गावोगाव भेटतात. या दोन्ही मंडळींचे आपसांत पटायचे नाही. पण दोघांचे सोवळे एकाच पेटाऱ्यातले!

मी लोणी देवकरात मुलांना पेटी शिकवतो. इथे पियानो मी कुणाच्या घरी पाहिलेला नाही. मग इंदापूर तालुक्यातल्या पेटीमास्तराने तुर्की रचनाकारांची उठाठेव का करावी? कारण त्यांचा खटला तोच आमचा खटला आहे.

हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या देबँ यांनी १८४२ साली घेतले. म्हणजे वाद्य साहेबाच्या मुलखातले. पण कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी ते हाती धरले आणि साथीच्या पेटीला मैफलीत मानाचे पान मिळवून दिले. १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चालीही त्यांच्याच. पुढे १९४० साली नभोवाणीने पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, हा आक्षेप. आक्षेप खोटा नव्हता. शिक्षा मात्र जबर होती. भजनी मंडळांनी ती कधी मानलीच नाही.

आता तुर्कस्तानात पाहा. तिथल्या मकामांतले बारीक स्वर पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत. म्हणून अहमद अदनान सायगुन हात जोडून बसले नाहीत. १९३६ साली हंगेरीच्या बार्तोकबरोबर ते अनातोलियाची खेडी हिंडले, शेतकऱ्यांची गाणी टिपली. युनूस एमरे या संतकवीच्या काव्यावर त्यांनी मोठी संगीतरचना केली. ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखात याचे अप्रूप वेगळे सांगायला नको. पियानोसाठी त्यांनी 'अक्सक' लयीत अभ्यासरचना लिहिल्या. अक्सक म्हणजे लंगडी. नऊ मात्रा, दोन-दोन-दोन-तीन अशा. आमच्या झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन ज्याच्या हाताला बसले, त्या पोराला या लंगडीचे भय कसले? तिकडे जपानचे तोरू ताकेमित्सू १९८२ साली पियानोसाठी 'पर्जन्यवृक्षा'चे रेखाचित्र लिहितात, आणि दोन स्वरांमधल्या शांततेलाही बोलायला लावतात.

असल्या रचना मैफलीत वाजवणारा आणि शिष्यांना शिकवणारा पियानोवादक माझ्या लेखी मोठा. बेथोवेनला वकील पुष्कळ आहेत. ज्यांना नाहीत त्यांचे वकीलपत्र तो घेतो.

"परक्याच्या नादाने आपला सूर बाटेल," हा ठेवणीतला बाण. मिरजेचे बी. आर. देवधर विष्णु दिगंबरांचे शिष्य. पाश्चात्त्य संगीतही ते शिकले, आणि १९२५ साली त्यांनी मुंबईत संगीतशाळा काढली. त्याच शाळेत कुमार गंधर्व घडले. सांगा, कुठे बाटला सूर?

खरा धोका निराळाच आहे. आज मुलाच्या हाती विजेची पेटी येते, तिच्यावर चार सिनेमाच्या चाली बसतात आणि शिक्षण आटोपते. 'स्वयंवरा'ची पदे बालगंधर्वांची म्हणून ठाऊक असतात, पण त्यांना चाली देणारे भास्करबुवा बखले कुणी सांगितलेले नसतात. ज्याला घरचा रचनाकार ठाऊक नाही, त्याला अंकाऱ्याचा कुठून कळणार? आणि आपल्याकडच्या रचनाकाराचे नाव तरी जगाने का घ्यावे?

म्हणून माझे मागणे साधे आहे. प्रत्येक पेटीमास्तराने वर्षाला दोन रचना शिकवाव्यात, एक घरची, एक परमुलखातली. आणि दोन्ही रचनाकारांच्या नावानिशी. याला ना पियानो लागतो, ना अनुदान.

या दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना ती नऊ मात्रांची लंगडी शिकवणार आहे. ज्यांना सोवळे सांभाळायचे असेल, त्यांनी खुशाल ओसरीवर बसून ऐकावे. फराळ तिथेही मिळेल.