फावल्या वेळचे वाङ्मय

'हौशी लेखक' हे दोन शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवीसारखे वापरले जातात. गायनाची हौस असलेल्या गृहस्थास आपण रसिक म्हणतो, बागेची हौस असलेल्यास उद्योगी म्हणतो; परंतु कचेरीतून आल्यावर जो दोन घटका कागद पुढे ओढून बसतो, त्याच्या वाट्यास घरात थट्टा, शेजारात कुजबूज आणि वाङ्मयाच्या दरबारात तुच्छता येते. 'लिहिणे हे ज्यांचे काम आहे त्यांनी लिहावे, इतरांनी वाचावे,' असा उपदेश करणारे विद्वान तर पदोपदी भेटतात. हा उपदेश वरवर शहाणपणाचा दिसला तरी तो इतिहासास सोडून आहे आणि वाङ्मयास घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत असल्याने त्याचा थोडा परामर्श घेणे अवश्य वाटते.

प्रथम इतिहासच पाहू. निव्वळ लेखणीवर ज्याचा संसार चालला असा लेखक मराठीत पूर्वीही विरळा होता आणि आजही विरळाच आहे. केशवसुतांनी जन्मभर शाळामास्तरकी केली. हरिभाऊ आपटे यांच्याकडे पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत. मर्ढेकर नभोवाणीच्या नोकरीत होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडास महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. आणि नारायण सुर्वे यांनी तर गिरणीत राबून, शाळेत शिपायाचे काम करून कविता लिहिली. या मंडळींस फावल्या वेळचे लेखक म्हणून बाजूस काढावयाचे ठरविले, तर मराठी वाङ्मयाच्या कपाटात पुस्तकांपेक्षा मोकळी जागाच अधिक दिसेल.

यावर आक्षेपकांचे उत्तर ठरलेले आहे. 'ते प्रतिभावंत होते. आजच्या खर्डेघाशांची त्यांच्याशी तुलना कसली?' पण प्रतिभा ही कोणाच्या कपाळावर आधी लिहून ठेवलेली नसते. केशवसुत 1905 साली वारले आणि त्यांच्या कवितांचा संग्रह हरिभाऊंच्या खटपटीने निघाला तो 1917 साली. बहिणाबाई चौधरी यांस तर अक्षरओळखही नव्हती. शेतात आणि जात्यावर रचलेली त्यांची गाणी घरच्या माणसांनी टिपून ठेवली म्हणून वाचली, आणि ती पुस्तकरूपाने आली ती त्या निवर्तल्यानंतर, 1952 साली. टिपून घेणाऱ्याने 'हा काही आपला व्यवसाय नव्हे' असे म्हटले असते, तर आपण किती दरिद्री राहिलो असतो! मेल्यानंतर ज्याची पालखी काढावयाची, त्यास जिवंतपणी दारात उभे करावयाचे नाही, ही रीत रसिकतेची खास नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाही. हौशी मंडळींमुळे रद्दी फार वाढली, असे म्हणतात. रद्दी वाढली आहे हे खरे. परंतु तिचे मूळ हौसेत नसून खोट्या स्तुतीत आहे. आज संगणकावर मजकूर जुळवून थोड्या प्रती छापून घेणे सोपे झाले आहे. पदरचे पैसे मोजले की कोणासही ग्रंथकार होता येते. पैसे घेणारा हस्तलिखितात खोट काढील कशाला? मग प्रकाशनसमारंभ होतो, शाल व श्रीफळ दिले जाते, आणि ज्यांनी मलपृष्ठापलीकडे पुस्तक उघडलेले नाही असे अध्यक्ष लेखकास थोरांच्या पंक्तीस नेऊन बसवितात. दुसऱ्या दिवशी आप्तेष्ट भेटप्रत मागतात. विकत घेण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. बिचारा लेखक समजतो की आपण पोहोचलो, आणि तेथेच त्याची वाढ खुंटते. तुच्छतेने नवा लेखक एखादे वेळी टिकून राहतो. पण या लाडाने तो बहुधा बुडतो. तेव्हा रद्दीचा दोष एकट्या लेखकाच्या माथी मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशास सुळी देणे होय.

आता रोजच्या अडचणींविषयी. फावला वेळ म्हणून जो म्हणतात तो मध्यमवर्गीय घरात असतो कोठे? गर्दीतला प्रवास, मुलांचा अभ्यास, आजारपण आणि पाहुणे यांतून उरलेली रात्रीची तासाभराची शिल्लक हेच हौशी लेखकाचे भांडवल. त्यातही पुरुषाच्या लेखनास निदान थट्टेचा तरी मान मिळतो. गृहिणीचे लेखन बव्हंशी कुकरच्या शिट्टीखाली दबून जाते. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर किती कथा अर्ध्यावर थांबल्या असतील याची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात सापडणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे रीतसर शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते; तरी 1934 पासून भागाभागाने निघालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' आज मराठीचे भूषण आहेत. 'बायकांचे लिहिणे ते काय' असे म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक एकवार डोळ्यांखालून घालावे.

तथापि वेळ नाही ही सबब हौशी लेखकासही फार काळ मिरविता येणार नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप हा टपालखात्यातला नोकर. पहाटे उठून, घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासास अडीचशे शब्द लिहिण्याचा आपला नेम त्याने आत्मचरित्रात सांगितला आहे. त्याच्या मृत्यूनंतर 1883 साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा स्फूर्तीच्या पूजकांनी नाके मुरडली. पण त्याच्या कादंबऱ्या आजही वाचल्या जातात. स्फूर्ती ही पाहुणीसारखी असते. घरी कोणी नसेल तर ती दारावरून परत जाते. ठरल्या वेळी जाग्यावर बसणाऱ्यासच ती भेटावयाची.

मग करावयाचे काय? संपादकांनी साभार परतीच्या छापील चिठ्ठीऐवजी, जेथे काही गुण दिसेल तेथे तरी, दोन ओळी खऱ्या लिहाव्या; 'शेवट फसला आहे' या तीन शब्दांनी एखादा लेखक घडतो. घरच्यांनी कौतुक एकवेळ करू नये, पण दिवसातला एक तास निर्वेधपणे द्यावा, आणि तो पुरुषाइतकाच घरातील बाईसही द्यावा. स्नेह्यांनी भेटप्रतीची अपेक्षा सोडून पुस्तक विकत घ्यावे आणि आवडले नाही तर तसे तोंडावर सांगावे. लेखकाने छापण्याची घाई सोडून पुन्हा लिहिण्याची सवय लावून घ्यावी. यांपैकी एकाही गोष्टीस सरकारी अनुदान लागत नाही किंवा ठराव करावा लागत नाही.

मराठीच्या भवितव्याविषयी सभांतून अश्रू ढाळणाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की, भाषा व्यासपीठावर जगत नाही. दिवसभर दुसऱ्याची चाकरी करून रात्री जी माणसे कोणी मागितले नसता तीत लिहितात, त्यांच्या जिवावर ती जगते. ज्या दिवशी ही मंडळी लाजून लेखणी खाली ठेवतील, त्या दिवशी आपल्याजवळ पोटासाठी लिहिलेला मजकूर पुष्कळ असेल, वाङ्मय मात्र असणार नाही.