श्रेष्ठ कोण हे ठरवण्याआधी दार कुणासाठी उघडं होतं ते बघा

नाचियार्कोविल् हे कुंभकोणमपासून दहा-एक किलोमीटरवरचं गाव. पितळी समयांसाठी ओळखलं जाणारं. पीएचडीच्या फील्डवर्कसाठी मी इथल्या ओतकाम करणाऱ्या कारागिरांमध्ये काही महिने राहते आहे. ज्या घरी मी भाड्याने राहते, तिथला मुलगा म्हणजे त्या घरातला पहिला पदवीधर. बी.कॉम. झालाय, सरकारी परीक्षांचा अभ्यास करतोय. पा. रंजित यांचा ‘सारपट्टा परंबरै’ त्याने किती वेळा पाहिला, हे त्यालाही सांगता येणार नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याचा आणि मित्रांचा ठरलेला वाद असतो: हेवीवेट बॉक्सिंगमध्ये सगळ्यांत मोठा कोण? अली, की टायसन, की जो लुईस? मग कुणीतरी रॉकी मार्सियानोचं नाव काढतं. ४९ लढती, ४९ विजय, हार एकही नाही. वाद मिटवायला एकजण मला म्हणाला, “अक्का, आकडे बघा. आकडे खोटं बोलत नाहीत.”

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. एम.ए.च्या प्रवेशाची यादी लागली तेव्हा यादीसमोर उभं राहून एक वर्गमित्र हेच म्हणाला होता, फक्त आकड्यांच्या जागी ‘मार्क’ हा शब्द होता. त्या दिवशी मी गप्प बसले. टपरीवर मात्र मी या वादात पडले.

आकड्यांवरून श्रेष्ठ ठरवायचा प्रयत्न अमेरिकेत खरोखर झालेला आहे. १९६७ मध्ये मरी वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याने जुन्या-नव्या चॅम्पियन्सची माहिती कॉम्प्युटरला पुरवली आणि त्यांच्यात काल्पनिक स्पर्धा लावली. त्यात मुहम्मद अली जिम जेफ्रीजकडून हरला. अली इतका चिडला की त्याने बदनामीचा दावा ठोकला. पुढे अली आणि मार्सियानो या दोघांना समोरासमोर उभं करून चित्रपट काढला गेला. जानेवारी १९७० मध्ये तो अमेरिकेतल्या थिएटरांत लागला, आणि त्यात मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला पाडलं. लक्षात घ्या, त्या काळात खरा अली रिंगणाबाहेर होता. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचा किताब काढून घेतला होता आणि लढायचे परवाने बंद केले होते. माणसाला लढू द्यायचं नाही आणि यंत्राने सांगायचं की तो हरला असता.

आता ज्याने अलीला ‘हरवलं’ तो जेफ्रीज कोण? १८९९ ते १९०५ चा चॅम्पियन, अजिंक्य म्हणून निवृत्त झालेला. चॅम्पियन असताना जॅक जॉन्सन या काळ्या बॉक्सरचं आव्हान त्याने कधीच स्वीकारलं नाही. यालाच तिथे ‘कलर लाइन’ म्हणत. अमेरिकेत गोऱ्या चॅम्पियनांनी दार बंद ठेवलं, म्हणून जॉन्सनला ऑस्ट्रेलियापर्यंत जावं लागलं. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला काळा हेवीवेट चॅम्पियन झाला. मग गोऱ्यांची इज्जत राखण्यासाठी जेफ्रीजला निवृत्तीतून बाहेर काढलं. ४ जुलै १९१० ला रीनो शहरात जॉन्सनने पंधराव्या फेरीत त्याचा पराभव केला. त्या रात्री अनेक शहरांत काळ्यांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली. म्हणजे जेफ्रीजचा अजिंक्य आकडा दार बंद असताना जमलेला होता. दार उघडलं आणि तो मोडला. कॉम्प्युटरला आकडे दिले गेले, पण दाराला कुलूप होतं हे त्याला कोण सांगणार?

मार्सियानोवर मी हा आरोप करणार नाही. तो वॉलकॉट, चार्ल्स, मूर या काळ्या बॉक्सर्सशी लढला. पण १९५१ मध्ये त्याने जो लुईसला हरवलं, तेव्हा लुईस ३७ वर्षांचा होता आणि डोक्यावरच्या करथकबाकीमुळे रिंगणात परतलेला होता. नोंदवहीत तो फक्त एक विजय म्हणून दिसतो.

इथे आमच्यातला एकजण म्हणाला, मग जॉन्सनच सगळ्यांत मोठा. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं. पण सॅम लँगफर्ड आठवला. जॉन्सनने त्याला १९०६ मध्ये गुणांवर हरवलं होतं. चॅम्पियन झाल्यावर मात्र जॉन्सनने लँगफर्डला किताबाची लढत कधी दिली नाही. किताबासाठी तो एकाच काळ्या बॉक्सरशी लढला, १९१३ मध्ये पॅरिसला, जिम जॉन्सनशी. गोऱ्या आव्हानवीरांशी लढण्यात पैसा जास्त होता, धोका कमी. ज्या दाराबाहेर तो स्वतः ताटकळला, त्याच दाराच्या आत जाऊन त्याने कडी लावली. १९१५ मध्ये तो हरल्यावर काळ्या बॉक्सरला किताबाची लढत मिळायला १९३७ उजाडलं. मधली २२ वर्षं हॅरी विल्ससारखे लोक वाट बघत संपले.

त्या काळात काळ्यांसाठी वेगळा ‘कलर्ड’ हेवीवेट किताब होता. हे ऐकून काहीजण लगेच म्हणतात, “म्हणजे आरक्षणच की!” हे साफ उलटं आहे. तो वेगळा किताब मुख्य रिंगणापासून दूर ठेवण्यासाठी होता. आरक्षण मुख्य रिंगणात उतरण्यासाठी आहे. आत आल्यावर पेपर तोच असतो, परीक्षकही तेच असतात.

१९३७ मध्ये चॅम्पियन झालेल्या जो लुईसला त्याच्या व्यवस्थापकांनी नियम घालून दिले होते: गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे बघून हसायचं नाही. आपल्यापैकी जे विद्यापीठात ‘शांत आणि समंजस’ म्हणून वावरले, त्यांना हे नियम कुणी वाचून दाखवायची गरज नाही. तरीही लुईसने २५ वेळा किताब राखला. आणि १९३९ मध्ये त्याने जॉन हेन्री लुईस या काळ्या बॉक्सरला लढत दिली, पुढे वॉलकॉटलाही दिली. त्याच्यानंतर चार्ल्स आणि वॉलकॉट चॅम्पियन झाले. दार उघडं राहिलं. म्हणून माझ्या यादीत लुईस जॉन्सनच्या वर आहे. जॉन्सनचं धाडस मोठं होतं, पण लुईसमागून माणसं आत आली.

आपल्याकडचा हिशोबही असाच मांडावा लागतो. पळवणकर बाळू, चांभार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सगळ्या सामन्यांत मिळून शंभराहून जास्त बळी. पुण्यात क्लबकडून खेळताना चहा मात्र मैदानाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळालं, भावांनी केलेल्या निषेधानंतर. भारताने पहिली कसोटी खेळली १९३२ मध्ये. तोवर बाळूंचा काळ सरला होता. कसोटीच्या आकड्यांवरून ‘सर्वकालीन भारतीय संघ’ काढणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव म्हणूनच येत नाही. यात आकडे खोटं बोलत नाहीत, ते फक्त अर्धं बोलतात.

इथल्या मंदिरात दगडी गरुडाची मूर्ती आहे. लोक सांगतात, गाभाऱ्यातून निघताना तिला चार जण उचलतात, मग आठ, मग सोळा, बत्तीस. बाहेर जाईल तसं तिचं वजन वाढत जातं. श्रद्धेबद्दल मला वाद घालायचा नाही. पण एकच ओझं प्रत्येकाच्या खांद्यावर सारखं नसतं, हे मला पटतं. किती अंतरावरून आलात आणि खांदे किती होते, हे विचारल्याशिवाय वजनाला अर्थ नाही.

माझा टपरीवरचा मित्र अजून पूर्ण पटलेला नाही. त्याचा मार्सियानो त्याच्याकडेच राहू दे. पण परवा सराव परीक्षेत कमी मार्क पडले तेव्हा तो स्वतःला नालायक म्हणत होता. मी विचारलं, “तुझ्याबरोबर पेपर देणाऱ्यांच्या घरात किती पदवीधर आहेत?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग पुस्तक उघडून बसला.

तुम्हीही घरातले पहिले पदवीधर असाल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुणी तुमच्यासमोर आकडा टाकला, तर तो आकडा जमत असताना दार कुणासाठी बंद होतं, ते विचारा. आणि उद्या तुम्ही आत गेलात, की बाहेर कुणीतरी लँगफर्ड उभा असेल. त्याच्या तोंडावर कडी लावू नका.