भगत, समुपदेशक आणि सातबारा

आदिवासींना मानसिक आरोग्यसेवा द्यायची ती 'त्यांच्या संस्कृतीशी सुसंगत' अशीच दिली पाहिजे, हे वाक्य आता शासकीय परिपत्रकांत, परिसंवादांत आणि देणगीदार संस्थांच्या अहवालांत इतक्या सराईतपणे वापरले जाते की त्याला विरोध करणारा माणूस शोधूनही सापडू नये. ज्या वाक्याला कोणाचाच विरोध नाही, त्यासाठी पैसा खर्च करण्याचीही कोणाची तयारी नसावी, असा संशय अर्थशास्त्राच्या साध्या विद्यार्थ्यालाही यावा.

तारोडीचे उदाहरण घ्यावे. भाईंदरच्या पश्चिमेस, खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये पसरलेल्या धारावी बेटावरील हे गाव. (मुंबईतील त्या प्रसिद्ध धारावीशी याचा काही संबंध नाही, हे दरवेळी सांगावे लागते.) बेटाचा उत्तर भाग मीरा-भाईंदरच्या हद्दीत, दक्षिणेकडील गोराई-मनोरी मुंबईच्या. कोळी, आगरी आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या या बेटावर वारल्यांचे पाडेही आहेत. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. ठाणे तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडत नसल्यामुळे १९९६ चा पेसा कायदा येथे लागू नाही. गाव शहरात गेल्याने ग्रामसभाही उरली नाही. डहाणू-जव्हारचा वारली शासनाच्या लेखी आदिवासी असतो. बेटावरचा वारली झोपडीधारक ठरतो. हा अपवाद म्हणावा, तर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ च्या अहवालात दाखवून दिले आहे की देशातील निम्म्याहून अधिक आदिवासी आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात. मानसिक आरोग्य आणि व्यसन यांची गणना याच समितीने आदिवासी आरोग्याच्या प्रमुख प्रश्नांत केली होती.

अशा पाड्यावरील एखाद्या तरुणाची झोप गेली, तो एकटाच बोलू लागला, तर काय होते? ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. तेथे जायचे म्हणजे आधी भाईंदर, मग काशीमीरा, मग घोडबंदरचा रस्ता. रोग्याची रोजंदारी बुडते आणि त्याला सांभाळून नेणाऱ्याचीही बुडते. औषध फुकट मिळते. ते हाती पडण्याची किंमत दोन माणसांची दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे एवढी असते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या शंभरापैकी सत्तर ते ब्याण्णव रुग्णांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. २०२२ च्या ऑक्टोबरात दूरध्वनीवरील 'टेली-मानस' सेवा सुरू झाली, ती वीस भाषांत चालते असे सांगितले गेले. त्या वीसांत वारली नाही.

म्हणून भगत येतो. तो रात्री-अपरात्री येतो, घरच्या बोलीत बोलतो, तांदळाचे दाणे पाहतो, भावकी आणि शेजारी यांना एका जागी बसवतो, हिरव्याचे किंवा हिमायचे काही देणे राहिले का ते विचारतो. मुख्य म्हणजे 'तुझे डोके बिघडले आहे' असे तो रोग्याला म्हणत नाही. बिघाड घराचा, पाड्याचा आणि देवाशी असलेल्या व्यवहाराचा मानतो. आपल्या अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्त्यांना हे ऐकून राग येईल. त्या रागाला आधार आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. भगत कोंबडे घेतो, दारू घेतो, कधी कुटुंबाला कर्जात ढकलतो. आणि सर्वांत भयंकर गोष्ट ही की एखाद्या एकट्या विधवेकडे बोट दाखवून तो तिला भुताळी ठरवतो. 'संस्कृतीचा आदर करा' असे शहरातून सांगणाऱ्या विद्वानांनी कोणाच्या संस्कृतीचा आदर करायचा, त्या बोट दाखवणाऱ्याच्या की त्या विधवेच्या, हे आधी स्पष्ट करावे.

परंतु डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचे पुस्तक हाती घेऊन पाड्यावर जाणाऱ्यानेही एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. भगताला बाजूला सारल्यावर रात्री दोन वाजता त्या घरात कोण येणार? शासनाने रिकामी ठेवलेली जागा भगत भरतो. ती भरण्याची तरतूद न करता त्याच्यावर तुटून पडणे म्हणजे सरकारची कुचराई रोग्याच्या अज्ञानावर ढकलणे होय, आणि या कामात पुरोगामी माणसाने सरकारला साहाय्य करावे हे खेदजनक आहे.

संस्कृती या शब्दाचा सजावटीपलीकडे काही अर्थ असेल तर तो कॅनडातील एका अभ्यासात सापडतो. चँडलर आणि लालोंड या दोन संशोधकांनी १९९८ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सुमारे दोनशे आदिम समूहांतील तरुणांच्या आत्महत्यांचा हिशेब मांडला. त्यांनी समूहासमूहांतील फरक पाहिला: जमिनीच्या हक्कासाठी लढा चालू आहे काय, स्वशासन आहे काय, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन, सांस्कृतिक केंद्र समूहाच्या हाती आहे काय? या सहाही गोष्टी जेथे होत्या तेथे अभ्यासाच्या पाच वर्षांत एकाही तरुणाने आत्महत्या केलेली नव्हती. जेथे एकही नव्हती तेथे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या कित्येक पट होते. सहांपैकी पाच बाबी सत्ता आणि मालमत्ता यांच्या आहेत, याकडे तारप्याची चित्रे छापून समाधान मानणाऱ्यांनी लक्ष द्यावे.

आता बेटाकडे परत यावे. गोराई-मनोरी-उत्तन पट्टा पर्यटनासाठी विकसित करण्याच्या योजना आल्या, त्यांविरुद्ध गावे उठली. उत्तनच्या धावगी डोंगरावर शहराचा कचरा आला. २०२५ मध्ये डोंगरीच्या टेकडीवरील हजारो झाडे मेट्रोच्या कारशेडसाठी काढण्याची नोटीस निघाली. आरे वसाहतीत २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या सरपणाची, कंदमुळांची आणि वाघोबाच्या ठाण्याची जागा टेकडीवर आहे, ज्याच्या झोपडीखालील जमीन कोणत्याही सातबाऱ्यावर त्याच्या नावाची नाही, त्याच्या अस्वस्थतेला केवळ आजार म्हणणे ही वैद्यकाची चूक नाही, राजकारणाची सोय आहे. १९४५ साली वेठ आणि लग्नगडीची गुलामी झुगारताना गोदावरी परुळेकरांसमवेत उभा राहिलेला वारली समुपदेशनाने ताठ झालेला नव्हता. (तो पक्ष आपला नव्हता, हे मान्य करूनही एवढे म्हटले पाहिजे.)

याचा अर्थ जमीन मिळेपर्यंत गोळी थांबवावी असा कोणी काढू नये. भ्रम झालेल्या माणसाला औषध आजच हवे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे अठरावे कलम परवडणारी, जवळ मिळणारी आणि रुग्ण व त्याच्या कुटुंबाला स्वीकारार्ह अशी सेवा हा हक्क म्हणून देते. त्याच्या आधारे मागण्या नेमक्या करता येतात. दर पंधरवड्याला तारोडीत मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे यावीत. पाड्यावरील वारली बोलणाऱ्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन मानधनावर नव्हे, वेतनावर नेमावे. रोग्याला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या भगताची बुडालेली दक्षिणा सरकारने भरावी. बांधणाऱ्या, मारणाऱ्या किंवा भुताळी ठरवणाऱ्या भगतावर गुन्हा नोंदवावा. वनहक्क व घराखालच्या जमिनीचे दावे शहरी हद्दीचे निमित्त करून परत पाठवू नयेत. हा मसुदा महापालिकेच्या पुढील अंदाजपत्रकाआधी पाड्यावर, वारलीत, स्त्रियांच्या बैठकीत वाचून दाखवावा, आणि त्या जे कलम खोडतील ते खोडून मगच तो आयुक्तांच्या टेबलावर ठेवावा.