तुरुंगाविना न्याय

सप्टेंबर २०२५ मध्ये कोलंबियाची राजधानी बोगोता येथे सात माजी बंडखोर सेनानींना शिक्षा झाली. हे सातही जण ‘फार्क’ या डाव्या सशस्त्र संघटनेच्या सर्वोच्च मंडळातले. त्यांच्यावरचा दोषारोप अपहरणांचा होता, आणि त्या अपहरणांचे २१ हजारांहून अधिक बळी २०१६ च्या शांतता करारातून आलेल्या विशेष न्यायाधिकरणाने मोजले होते. शिक्षा ठरली आठ वर्षांची, पण तुरुंगाची नव्हे. या वर्षांत त्यांनी बेपत्ता माणसांचा शोध घ्यायचा, पेरलेले सुरुंग काढायला मदत करायची, पीडितांच्या स्मृतीची आणि पर्यावरणाची कामे करायची आणि हिंडण्याफिरण्यावरची बंधने पाळायची. कोठडीचे दार मात्र त्यांच्यासाठी उघडले नाही.

ज्यांनी आयुष्यातली दहा-बारा वर्षे जंगलात काटेरी तारांच्या कुंपणाआड काढली, रात्री गळ्यात साखळी घालून झोप घेतली, त्यांना हा निकाल कसा वाटला असेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. निकालानंतर त्यांच्यातल्या अनेकांनी उघड नाराजी व्यक्त केली. ती सूडबुद्धी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. शिक्षा ही केवळ गुन्हेगाराला दिलेली यातना नसते. ‘तुझ्यावर जे झाले ते चूक होते’ असे समाजाने पीडिताला दिलेले वचनही तीत असते. पाकीटमाराला तुरुंग आणि हजारो अपहरणांचा हिशेब देणाऱ्याला रोपे लावण्याचे काम, ही विसंगती डोळ्यांत खुपणारी आहे. शिवाय यातून पुढच्या टोळीने कोणता धडा घ्यायचा? पुरेशी मोठी फौज उभारा, पुरेशी वर्षे टिकून राहा, मग सरकारच तडजोडीला येईल, असा धडा कुणी घेतला तर त्याला चुकीचे ठरवणे कठीण आहे.

मात्र या व्यवस्थेचे समर्थक दुसऱ्या टोकापासून मोजणी सुरू करतात. फार्कचा जन्म १९६४ चा. जमीन मूठभरांच्या हाती आणि शेतकरी हद्दीबाहेर, या कोलंबियाच्या जुन्या दुखण्यातून ती संघटना उभी राहिली. पुढे खंडणी, अपहरण आणि कोकेनच्या व्यापारावरचा कर यांवर ती पोसली गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांपैकी एकच सांगणारा माणूस सहसा कुठल्या तरी पक्षाचा असतो. कोलंबियाच्या सत्य आयोगाने २०२२ च्या अहवालात १९८५ ते २०१८ या काळातल्या मृतांचा आकडा किमान साडेचार लाख सांगितला. त्यांतले बहुसंख्य नागरिक होते. हा आकडा बंदुकीने थांबला नव्हता. अध्यक्ष उरिबे यांच्या कारकिर्दीत लष्कराने फार्कला खूप मागे रेटले हे मान्य. तरीही उरलेले हजारो सशस्त्र लोक जंगलात होतेच. त्यांना अखेरच्या माणसापर्यंत संपवायला आणखी किती वर्षे आणि किती गावे लागली असती, हा समर्थकांचा प्रश्न आहे.

चर्चेच्या विरोधकांकडेही इतिहासाचा पुरावा आहे. १९९८ च्या अखेरीस अध्यक्ष पास्त्राना यांनी वाटाघाटींसाठी कागुआनच्या परिसरातून सैन्य मागे घेतले. सुमारे ४२ हजार चौरस किलोमीटर मुलूख, जवळजवळ स्वित्झर्लंडएवढा, फार्कच्या हाती राहिला. तीन वर्षांत संघटनेने तिथे ओलीस ठेवले, खंडणी गोळा केली, बळ वाढवले. फेब्रुवारी २००२ मध्ये बोलणी मोडली. सामान्य कोलंबियन माणसाच्या मनात ‘चर्चा म्हणजे फसवणूक’ हे समीकरण तिथे पक्के झाले, आणि त्याच वर्षी उरिबे निवडून आले. स्वतः उरिबे यांच्या वडिलांची १९८३ मध्ये हत्या झाली. तिचा ठपका ते फार्कवर ठेवतात. अशा माणसाच्या विरोधाला निव्वळ राजकारण म्हणता येत नाही.

दुसऱ्या बाजूने, फार्कच्या अविश्वासालाही कारण होते. १९८५ मध्ये शस्त्रसंधीच्या काळात ‘उनिओन पात्रिओतिका’ हा पक्ष स्थापन झाला, तो निवडणुकीच्या मार्गाने राजकारणात यायचा प्रयत्न म्हणून. पुढच्या वर्षांत त्याचे हजारो सदस्य, त्यांत अध्यक्षपदाचे दोन उमेदवार, वेचून मारण्यात आले. अमेरिकी खंडाच्या मानवाधिकार न्यायालयाने यात कोलंबियाच्या राज्यसंस्थेला जबाबदार धरले. शस्त्र खाली ठेवले की मरण येते, हा बंडखोरांचा अनुभव कल्पित नव्हता.

२०१६ चा करार या दोन अविश्वासांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवरून झाला. हवानात चार वर्षे बोलणी चालली. सरकारचे सर्वोच्च आश्वासन जमीनसुधारणेचे, फार्कचे सर्वोच्च आश्वासन शस्त्रत्यागाचे. पण वाद पेटला तो न्यायाच्या कलमावर. त्या कलमाची रचना नीट पाहिली पाहिजे, कारण ‘सरसकट माफी’ असे तिचे वर्णन खरे नाही. बंडखोरी या राजकीय गुन्ह्याला माफी. युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांना नाही. त्यांच्यासाठी विशेष न्यायाधिकरण. जो सुरुवातीलाच संपूर्ण सत्य सांगेल, त्याला पाच ते आठ वर्षांची भरपाईची शिक्षा. उशिरा कबुली देणाऱ्याला तेवढ्याच वर्षांचा तुरुंग. नाकारत राहून दोषी ठरणाऱ्याला पंधरा ते वीस वर्षे. थोडक्यात, सवलत शस्त्रांच्या बदल्यात नव्हे, तर शस्त्रे आणि सत्य या दोहोंच्या बदल्यात.

२ ऑक्टोबर २०१६ रोजी जनतेने या करारावर मतदान केले आणि तो फेटाळला. फरक होता ५४ हजारांहूनही कमी मतांचा. मतदान करणारे चाळीस टक्क्यांपेक्षा कमी. अध्यक्ष सांतोस यांच्या सरकारने काही दुरुस्त्या करून नवा मसुदा केला आणि दुसऱ्यांदा जनतेकडे न जाता तो संसदेतून मंजूर करून घेतला. कायद्याने हे बसत असेल. लोकशाहीच्या मनाला मात्र ते खटकते. ज्यांनी ‘नाही’ म्हटले त्यांना आपले मत गाळून टाकले गेले असे वाटले, आणि दोन वर्षांनी त्यांच्याच पाठिंब्यावर करारविरोधी अध्यक्ष निवडून आला. त्या काळात अंमलबजावणी रेंगाळली. पळवाटेने साधलेल्या शांततेची ही वसुली होती, असे म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे.

तरीही त्याच मतदानात बोहाया नावाचे एक गाव आहे. २ मे २००२ रोजी आत्रातो नदीकाठच्या या वस्तीत फार्क आणि फार्कविरोधी खासगी निमलष्करी टोळ्या यांच्यात गोळीबार सुरू झाला. लोक चर्चमध्ये आसऱ्याला गेले. फार्कने फेकलेला गॅस सिलिंडरचा बॉम्ब त्या चर्चवर पडला. सुमारे ८० माणसे मेली, त्यांतली निम्म्याहून अधिक मुले. धोक्याचे इशारे आधी मिळूनही सैन्य आले नव्हते. २०१५ च्या डिसेंबरात फार्कच्या प्रतिनिधींनी त्या गावात जाऊन माफी मागितली. पुढच्या वर्षीच्या मतदानात बोहायाने सुमारे ९६ टक्के मते ‘हो’ला दिली. ज्यांनी सर्वाधिक गमावले त्यांनीच क्षमा केली, शहरातल्या सुरक्षित लोकांनी नाही, असा निष्कर्ष लगेच काढायचा मोह होतो. तो आवरायला हवा. उइला आणि मेता हे प्रांत फार्कच्या त्रासातून सुटलेले नव्हते, आणि तिथे ‘नाही’ जिंकले. पीडित सगळे एकाच बाजूला नसतात. त्यांच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाने, आम्हीही त्यांत आलो, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात एक वजनदार गोष्ट. हेच न्यायाधिकरण सैनिकांचाही न्याय करते. २००२ ते २००८ या काळात लष्कराने किमान ६,४०२ निरपराध माणसांना मारून ‘चकमकीत ठार झालेले बंडखोर’ म्हणून दाखवले, असे त्याने जाहीर केले. राजधानीला लागून असलेल्या सोआचातल्या तरुणांना कामाचे आमिष दाखवून नेले आणि त्यांचे मृतदेह शेकडो किलोमीटरवर ओकान्याजवळच्या खड्ड्यांत मिळाले. मोहिमेचे यश मृतांच्या संख्येवर मोजले, की संख्या मिळवली जाते. सोआचाच्या आयांनी वर्षानुवर्षे हे सांगितले होते. त्यांच्यावर विश्वास ठेवायला राज्याला फार वेळ लागला. लष्कराच्या समर्थकांना बंडखोर आणि सैनिक एकाच पिंजऱ्यात उभे राहणे अपमानास्पद वाटते, आणि संविधानाने नेमलेली फौज व कायदा झुगारणारी टोळी यांच्यात भेद असतो हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तथापि तो भेद सैनिकावरची जबाबदारी कमी करत नाही, वाढवतो. सत्य आयोगाच्या हिशेबानुसार मृत्यूंपैकी सर्वांत मोठा वाटा, जवळपास ४५ टक्के, निमलष्करी टोळ्यांचा. फार्कचा सुमारे २१ टक्के. राज्याच्या यंत्रणांचा सुमारे १२. एकाच पक्षाला ‘दहशतवादी’ म्हणून थांबणाऱ्या बोलण्यात हा हिशेब मावत नाही.

शब्दांचे म्हणाल, तर अमेरिकेने १९९७ मध्ये फार्कला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकले आणि २०२१ च्या नोव्हेंबरात काढले. करारानंतरही पाच वर्षे ही संघटना वॉशिंग्टनच्या यादीत होती, आणि २०१८ पासून तिची माणसे आपल्या देशाच्या संसदेतही बसत होती. यादी ही राजनैतिक वस्तू आहे. तिला नैतिक निवाडा समजू नये.

करार यशस्वी झाला का? फार्कने २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे जवळपास नऊ हजार शस्त्रे सोपवली. सुमारे तेरा हजार लोक नागरी आयुष्यात आले आणि त्यांतले बहुसंख्य तिथेच राहिले. ही क्षुल्लक गोष्ट नाही. मात्र वाटाघाटींतला फार्कचा मुख्य माणूस, इव्हान मार्केस, २०१९ मध्ये पुन्हा बंदूक घेऊन जंगलात गेला. शस्त्रे टाकलेल्यांपैकी चारशेहून अधिक जण मारले गेले. फार्कने सोडलेल्या मुलखात राज्य पोचण्याआधी दुसऱ्या टोळ्या पोचल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये कातातुंबो भागात त्यांच्यातल्या लढाईने पन्नास हजारांहून अधिक लोक बेघर झाले. जमीनसुधारणा अजून बरीचशी कागदावरच आहे. विरोधक यात कराराचे अपयश पाहतात. आमच्या मते हे करार न पाळण्याचे अपयश अधिक आहे, न्यायाच्या कलमाचे कमी. पण ही वाटणी नेमकी करता येते असा दावा आम्ही करणार नाही.

एवढे सगळे तोलून आम्ही झुकतो ते सवलतीच्या बाजूला, पण अर्ध्यावर थांबून. शिक्षा कमी करायला आमची तयारी आहे, सत्य कमी करायला नाही. बोगोताच्या निकालात आठ वर्षांपेक्षा मोलाचे काही असेल, तर २०२२ च्या जूनमधल्या त्या सुनावण्या, जिथे माजी सेनानींनी ओलिसांच्या समोर बसून, ‘युद्धात असे होते’ या आडोशाला न जाता, आम्ही माणसांचा व्यापार केला हे मान्य केले. काहींना ते पुरले, काहींना नाही. तुरुंगाने हे मिळाले नसते; आरोपीचा वकील त्याला गप्प बसायलाच सांगतो. याची किंमत पीडितांनी मोजली हे झाकण्यात अर्थ नाही. आणि भरपाईची कामे केवळ छायाचित्रापुरती उरली, देखरेख ढिली पडली, तर आमचे हे मत बदलायला आम्ही मोकळे आहोत.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. त्याची पत्नी तारक्का वर्षाच्या पहिल्याच दिवशी आली होती. कोलंबियाशी तुलना मर्यादेतच करावी. इथे करार झालेला नाही, एक थकलेली आणि चहूबाजूंनी घेरलेली संघटना तुकड्यातुकड्याने खाली बसते आहे. आत्मसमर्पितांना बक्षिसाची रक्कम, घर, प्रशिक्षण मिळते. काहींना कोनसरीच्या लोहप्रकल्पात कामही मिळाले. हे धोरण योग्य आहे, असे आम्हाला वाटते. जंगलात मरणाऱ्या प्रत्येक पोरीपोरापेक्षा पगाराच्या रांगेत उभा असलेला माणूस बरा. जांभुळखेड्याच्या स्फोटात १ मे २०१९ रोजी गेलेल्या पंधरा जवानांच्या घरी मात्र हे वाक्य इतक्या सहज म्हणता येणार नाही, याची जाणीव आम्हाला आहे.

भामरागड, एटापल्लीच्या पट्ट्यात गेल्या चार दशकांत कितीतरी आदिवासींना ‘पोलिसांचा खबऱ्या’ ठरवून मारण्यात आले. रात्री घरातून नेले, सकाळी रस्त्यावर देह आणि शेजारी चिठ्ठी. नाव कुणी दिले, निकाल कुणी केला, ‘जनअदालत’ म्हणून जे भरले त्यात कोण बसले होते, हे आज शरण आलेल्यांपैकी काहींना निश्चित ठाऊक असणार. त्यांना जे विचारले जाते ते पोलीस विचारतात: कोण कुठे आहे, शस्त्रसाठा कुठे पुरला आहे. पुढच्या मोहिमेसाठी ते लागतेच. पण ते उत्तर फाइलीत जाते. त्या चिठ्ठीशेजारी ज्याचा देह पडला होता, त्याच्या बायकोला तो खबऱ्या नव्हता एवढे एक वाक्य ग्रामसभेपुढे म्हणून दाखवायला शरण आलेल्या कुणालाच आजवरच्या धोरणाने बांधलेले नाही.