इटालियनमधलं ‘थांब’ आणि ‘थांबा’

आज वळू या इटालियनकडे.

परक्या देशात पहिल्या दिवशी लागणारी वाक्यं छोटीच असतात. थांबा, ऐका, दार उघडा. म्हणजे आज्ञार्थ! मुलांना भेटायला इटलीला जाणाऱ्या आईबाबांनाही एवढं यायला हवं. कारण इथे शेवटचा एक स्वर बदलला, की समोरच्याचा मान बदलतो.

मराठीत ‘बस’ला ‘आ’ जोडला, की ‘बसा’ होतं. इटालियनमध्येही काही क्रियापदांचं असंच आहे. ‘आप्रीरे’ म्हणजे उघडणे. मित्राला म्हणायचं ‘आप्री’, अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘आप्रा’. ‘प्रेन्देरे’ म्हणजे घेणे. त्याचं ‘प्रेन्दी’ म्हणजे घे आणि ‘प्रेन्दा’ म्हणजे घ्या. किती सोपं!

पण ज्यांच्या शेवटी ‘आरे’ येतं, त्यांचं बरोबर उलटं. ‘अस्पेत्तारे’ म्हणजे थांबणे, वाट पाहणे. त्याचं ‘अस्पेत्ता’ म्हणजे थांब आणि ‘अस्पेत्ती’ म्हणजे थांबा. मराठी कानाला ‘आ’ आदराचा वाटतो, म्हणून आपण दुकानातल्या आजींना ‘अस्पेत्ता’ म्हणून मोकळे होतो आणि तिकडे ते थेट अरे-तुरे ठरतं. ‘माफ करा’चंही तसंच. मित्राला ‘स्कूझा’, अनोळखी माणसाला ‘स्कूझी’.

समोर दोन-चार जण असतील तर शेवटी ‘ते’ येतो: अस्पेत्ताते, प्रेन्देते, आप्रीते.

नकार द्यायचा तर? ‘उघड’चा नकार करताना आपण ‘उघडू नकोस’ म्हणतो, क्रियापदाचं रूपच बदलतं. इटालियनमध्येही ‘तू’साठी मूळ रूप येतं: ‘नॉन आप्रीरे’. दुकानांच्या दारांवरही हे मूळ रूप दिसतं. ‘तिरारे’ लिहिलं असेल तर दार ओढा, ‘स्पिन्जेरे’ असेल तर ढकला. आपल्या पाककृतींमध्ये ‘कांदा चिरून घेणे’ लिहितात ना, तसंच.

आता नामाआधीचा छोटा शब्द, म्हणजे उपपद. इटालियनमध्ये लिंगं दोनच, नपुंसकलिंग नाही. पुल्लिंगाला बहुधा ‘ईल’, स्त्रीलिंगाला ‘ला’: ईल लीब्रो (पुस्तक), ला पोर्ता (दार). पुल्लिंगी शब्द ‘स’ला जोडलेल्या व्यंजनाने सुरू झाला, तर ‘लो’: लो स्तुदेन्ते (विद्यार्थी). शब्द स्वराने सुरू झाला, तर उपपद त्यालाच चिकटतं. ‘आक्क्वा’ म्हणजे पाणी, त्याचं होतं ‘लाक्क्वा’. अनेकवचनात ईलचं ‘ई’, लाचं ‘ले’ आणि लोचं ‘ल्यी’ होतं: ई लीब्री, ले पोर्ते, ल्यी स्तुदेन्ती.

मराठीतलं लिंग मात्र तिकडे चालवू नका. आपला सूर्य ‘तो’ आणि चंद्रही ‘तो’. त्यांचा सूर्य ‘ईल सोले’, पण चंद्र ‘ला लूना’, म्हणजे स्त्रीलिंगी! ‘मानो’ म्हणजे हात. शेवटी ‘ओ’ असूनही तो ‘ला मानो’. म्हणून शब्द पाठ करताना उपपदासकटच करा. लहान मुलं ‘तो दरवाजा, ती खिडकी’ असंच ऐकत शिकतात.

आता गृहपाठ. खालचं उत्तर हाताने झाका बरं!

१. मैत्रिणीला सांगा: पुस्तक घे.
२. शेजारच्या आजोबांना सांगा: थांबा.
३. धाकट्या भावाला सांगा: खिडकी (फिनेस्त्रा, स्त्रीलिंगी) उघडू नकोस.

उत्तरं: प्रेन्दी ईल लीब्रो. अस्पेत्ती. नॉन आप्रीरे ला फिनेस्त्रा.

तिन्ही जमली? मग आज घरात एकमेकांना इटालियनमध्येच कामं सांगा. फक्त आजी-आजोबांशी बोलताना शेवटचा स्वर सांभाळा!