प्राध्यापकांनाही शिकवणी लागते?

आमच्या नात्यात सध्या एक वाद रंगला आहे. माझी भाची ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. तिथे अध्यापनासाठी 'फेलो' ही व्यावसायिक मान्यता मिळते (ही पैशांची शिष्यवृत्ती नव्हे!). तिचा अर्ज ती चार सहकाऱ्यांबरोबर बसून लिहिते आहे. यावर एका ज्येष्ठ नातलगांचा शेरा आला, "डॉक्टरेट झालेल्यांना निबंध लिहायला शिकवणी लागते? मग मान्यता तिची की पाचजणांची?"

हा शेरा मला साफ नामंजूर आहे.

आधी प्रकरण समजून घेऊ. शाळामास्तराला बी.एड. हवं, पण विद्यापीठात पीएच.डी. झाली की राहा वर्गात उभे, अशी तिथेही रीत होती. १९९७ साली लॉर्ड डिअरिंग यांच्या समितीने सांगितलं की विद्यापीठीय शिक्षकांनाही अध्यापनाचं प्रशिक्षण आणि मान्यता हवी. पुढे २००६ मध्ये त्यासाठी मानकं आली, २०११ आणि २०२३ मध्ये ती सुधारली गेली. आज 'ॲडव्हान्स एचई' ही संस्था असोसिएट फेलो, फेलो, सीनियर फेलो आणि प्रिन्सिपल फेलो अशा चार पायऱ्यांवर मान्यता देते.

अर्जात काय लिहायचं? मी वर्गात काय केलं, तसंच का केलं, विद्यार्थ्यांवर त्याचा काय परिणाम झाला, आणि त्यावरून मी काय बदललं. वाचायला सोपं वाटतं ना? पण रसायनशास्त्राच्या माणसाला आयुष्यभर शिकवलेलं असतं की शोधनिबंधात 'मी' नको. 'द्रावण तापवले गेले' असं लिहिणाऱ्या हाताला 'मी हा प्रयोग वर्गात असा का मांडला' हे सुचणार कसं? त्यातून इंग्रजी ही मातृभाषा नसेल तर विचारूच नका.

इथेच सोबती उपयोगी पडतो. तो वाक्य लिहून देत नाही, तो प्रश्न विचारतो. "मुलं आवडीने शिकली म्हणतेस, तुला कशावरून कळलं?" हा एक प्रश्न दहा पुस्तकांना भारी असतो. आपल्याकडे बी.एड.ला सरावपाठ घेताना सहाध्यायी मागच्या बाकावर निरीक्षणवही घेऊन बसत. त्यांच्या टिपणांमुळे पाठ त्यांचा झाला असं कोणी म्हटलं का? नक्कल वेगळी. मागच्या वर्षीचं टाचण तारीख बदलून उतरवणं ही नक्कल. जुन्या फेलोचा अर्ज समोर ठेवून नावं बदलणं किंवा यंत्राकडून 'चिंतन' लिहून घेणं हीसुद्धा नक्कलच. उलट सोबत्यांसमोर अशी नक्कल टिकत नाही, कारण ते शेजारच्याच वर्गात शिकवत असतात!

कोणी म्हणेल, मग चांगलं लिहिणाराच जिंकणार, चांगलं शिकवणारा मागे राहणार. आक्षेप खरा आहे. म्हणूनच काही विद्यापीठांनी लेखी अर्जाऐवजी तोंडी संवादाचा मार्गही ठेवला आहे. पण जिथे लेखी आहे तिथे ही दरी सोबतीनेच कमी होते. मदत बंद केली तर आधीच लिहिता येणाऱ्यांचंच फावेल.

माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. मान्यता हवी म्हणायचं, किती शिक्षक फेलो झाले याची आकडेवारी मिरवायची, आणि लिहायला वेळ मात्र शिक्षकाने रात्री स्वतःचा काढायचा, हा कुठला न्याय? स्कॉटलंडमध्ये प्राध्यापक रोवेना मरे यांनी शैक्षणिक लेखनासाठी एकत्र लिहिण्याची शिबिरं रुजवली. सगळ्यांनी एका खोलीत, ठरल्या वेळी, आपापलं लिहायचं. त्यात जादू कसली? वेळ राखून ठेवलेला असतो, एवढंच. तो वेळ वेळापत्रकात तासिका म्हणून दिसला पाहिजे, आणि सोबत करणाऱ्याच्या कामातही तो मोजला गेला पाहिजे. फुकटच्या चांगुलपणावर संस्था चालवू नयेत.

जो शिक्षक स्वतः प्रश्न विचारून घेतो, तोच विद्यार्थ्यांचे प्रश्न नीट ऐकतो असं मला वाटतं. असो. भाचीचा अर्ज तिचाच आहे, आणि नातलगांनी रागवू नये!

तुमचं मत जरूर कळवा.