फोटोखाली नाव कुणाचे?

होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, पण सुरुवातीची त्यांची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. पद्मविभूषण मिळाले २०११ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

१९९४ साली नांदेडला विद्यापीठ झाले. तिथल्या माध्यमशास्त्र संकुलात आपल्या मुलीही शिकतात. पण कॅमेरा शिकलेली मुलगी घरी आली की ऐकते, ‘रात्रीच्या लग्नांना तू कशी जाणार? कॅमेरा भावाला दे.’ शिक्षण तिचे, दुकानावर पाटी भावाची!

आणि आपण? आपल्या मेळाव्यांचे, मोर्चांचे फोटो काढायला स्टुडिओतल्या दादालाच बोलावतो. मैत्रिणींनो, पुढचे काम अशा एखाद्या मुलीला देऊ या. पूर्ण मोबदला देऊन आणि फोटोखाली तिचेच नाव छापून.